विमानतळाची रेल्वे कोणासाठी? दोन विमानतळ, एक लोकल आणि जोडणीचा प्रश्न

खाडीपल्याड

सर्व सभासदांना नमस्कार.

८ ऑक्टोबर २०२५ या एकाच दिवशी मुंबई महानगरात दोन मोठी उद्घाटने झाली. एक नवी मुंबईच्या विमानतळाचे आणि दुसरे मेट्रो ३ च्या कफ परेडपर्यंतच्या अखेरच्या टप्प्याचे. विमानतळावरून प्रवासी उड्डाणे २५ डिसेंबरपासून सुरू झाली. सांताक्रूझ-सहारच्या जुन्या विमानतळाला आता भुयारी मेट्रोची तीन स्थानके आहेत, पण टर्मिनल २ फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाल्यानंतर ती मिळेपर्यंत दहा वर्षांहून अधिक काळ लोटला. नव्या विमानतळाची पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला २ कोटी प्रवाशांची आहे आणि सर्व टप्पे पूर्ण झाल्यावर ती ९ कोटींपर्यंत न्यायची आहे. असे असूनही टर्मिनलच्या दाराशी उतरवणारी रेल्वे तेथे नाही. सर्वांत जवळचे उपनगरी स्थानक म्हणजे उरण मार्गावरील तरघर.

या जोडणीबाबत दोन विचार ऐकू येतात. एक असा की, विमान प्रवाशांसाठी स्वतंत्र, जलद आणि सामानाची सोय असलेली गाडी हवी. टर्मिनल २ ते नवी मुंबई विमानतळ अशी सुमारे ३५ किलोमीटरची प्रस्तावित मेट्रो ८ याच विचारातून आलेली आहे. दुसरा विचार असा की, आधी लोकलचे जाळे वाढवावे, रखडलेले दुवे पूर्ण करावेत आणि विमानतळ हे त्या जाळ्यातील एक स्थानक असावे.

मी दुसऱ्या बाजूचा आहे. विमानाने जाणारा माणूस वर्षातून काही वेळा विमानतळावर जातो, तर तेथे काम करणारा माणूस रोज जातो, आणि तो कळवा, दिवा, नालासोपारा, पनवेल, उरण अशा ठिकाणी राहतो. त्याची सोय झाली तर विमान प्रवाशाची सोय आपोआप होते, उलट मात्र घडत नाही, असे मला वाटते. आपले अनुभव आणि मते वाचायला आवडतील.

गोग्रासवाडी

चांगला विषय. मी डोंबिवलीकर. नकाशावर पाहिले तर आमचा टर्मिनल २ चा प्रवास आता सोपा झाला आहे. लोकलने घाटकोपर, तेथून मेट्रो १ ने मरोळ नाका आणि मरोळ नाक्याहून मेट्रो ३ चे पुढचेच स्थानक. रात्री आठनंतर शहरातून परतताना हा मार्ग खरोखर उत्तम आहे आणि मी तो सर्वांना सुचवते.

सकाळी मात्र पहिल्याच पायरीला प्रवास अडतो. साडेसात ते दहा या वेळेत मोठी बॅग घेऊन डोंबिवलीहून जलद लोकलमध्ये चढणे शक्य नाही, आणि चढलेच तर इतरांच्या पायांवर बॅग ठेवण्याचे पाप लागते. घाटकोपरला लोकलच्या पुलावरून मेट्रोच्या रांगेपर्यंत जायचे, तेथे चार डब्यांच्या मेट्रोत पुन्हा तीच गर्दी. म्हणून आमच्या इमारतीतील सगळी कुटुंबे गाडी ठरवून जातात आणि पूर्व द्रुतगती मार्गावर अडकतात. त्यामुळे नवी स्थानके किती झाली यापेक्षा बदलाच्या स्थानकांवर काय घडते, हे आधी पाहायला हवे.

पार्लेपूर्व

खाडीपल्याड, आपल्या मताचा आदर ठेवून मी विरुद्ध बाजू मांडतो.

गोग्रासवाडी यांनी जे लिहिले तेच स्वतंत्र मार्गाच्या बाजूचे सर्वांत बळकट कारण आहे. लोकल आधीच ओसंडून वाहते आहे. तिच्यावर विमानतळाची वाहतूक टाकली तर रोजच्या प्रवाशाचाही त्रास वाढेल आणि बॅगवाल्याचाही. दोन प्रकारच्या प्रवाशांच्या गरजा वेगळ्या आहेत. एकाला दर तीन मिनिटांनी गाडी, कमी भाडे आणि पटकन चढउतार हवी. दुसऱ्याला वेळेची खात्री, सामानासाठी जागा आणि उद्वाहन हवे, आणि त्यासाठी तो जास्त पैसे द्यायलाही तयार असतो. हाँगकाँगने १९९८ मध्ये नव्या विमानतळाबरोबरच स्वतंत्र गाडी सुरू केली आणि शहरातील स्थानकावरच सामान देण्याची सोय केली.

आपल्याकडे आणखी एक गरज आहे. जुन्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि तेथील वाढीला मर्यादा आहे. म्हणजे दोन्ही विमानतळ दीर्घकाळ एकत्र चालणार. एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून उडणाऱ्या प्रवाशाला तुम्ही कुर्ल्याला आणि नेरूळला गाडी बदलायला सांगणार का?

उलवेकर

तरघरबद्दल थोडे. आम्हा उलवेकरांसाठी हा मार्ग जीवनवाहिनी आहे, कारण येथील वस्ती आधी आली आणि रेल्वे नंतर. पण उरण मार्गाच्या गाड्या नेरूळ आणि बेलापूर येथूनच सुटतात. मुंबई, ठाणे किंवा कल्याणहून तरघरला थेट गाडी नाही. गाड्यांमधील अंतर मोठे आहे, त्यामुळे नेरूळला एक गाडी चुकली की पुढच्या गाडीची वाट पाहण्यापेक्षा लोक रिक्षा पकडतात. तरघरला उतरल्यावरही टर्मिनलपर्यंत बस लागते. ‘विमानतळाजवळ रेल्वे स्थानक आहे’ आणि ‘विमानतळाला रेल्वे आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहाटपाळी

मी टर्मिनल २ वर जमिनीवरील सेवेत काम करते. या धाग्यावर विमान प्रवाशांविषयी पुष्कळ लिहिले जाईल, म्हणून आमची बाजू मांडते.

माझी पाळी पहाटे पाचला सुरू होते आणि मी नालासोपाऱ्याला राहते. विरारहून पहाटेची पहिली लोकल मिळते, त्यामुळे अंधेरीपर्यंत मी वेळेत पोहोचते. पुढे काय? मेट्रो १ तेव्हा सुरू झालेली नसते. मेट्रो ३ ची पहिली गाडी सहाच्या सुमारास निघते आणि शेवटची रात्री साडेदहाच्या सुमारास. विमाने मात्र पहाटे आणि मध्यरात्रीनंतर मोठ्या संख्येने ये-जा करतात, आणि त्या विमानांचे सामान चढवणारे, स्वच्छता करणारे, सुरक्षा तपासणी करणारे, जेवणाचे ट्रे भरणारे सगळे त्याच वेळी कामावर असतात. अंधेरीहून सहारपर्यंत आम्ही तीन-चार जणी मिळून रिक्षा करतो. कंपनीची गाडी रात्रीच्या पाळीला मिळते, पहाटेच्या पाळीला मिळत नाही, आणि रिक्षाचे पैसे पगारातूनच जातात.

दुपारी परतताना मेट्रो रिकामी असते, पण माझ्या बरोबरच्या बऱ्याच जणी ती घेत नाहीत, कारण लोकलचा मासिक पास काढलेला असतो आणि मेट्रोचे तिकीट वेगळे पडते. विमानतळाच्या दाराशी स्थानक असूनही विमानतळाचा कर्मचारी त्याचा वापर करू शकत नसेल, तर वेळापत्रक आणि भाडे ठरवताना आम्ही कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हतो, असाच त्याचा अर्थ मी लावते.

गोग्रासवाडी

पहाटपाळी, आपला प्रतिसाद दोनदा वाचला. वेळापत्रकाचा हा मुद्दा माझ्या मनातही आला नव्हता. मनापासून आभार.

निवृत्त_सिग्नल

मी रेल्वेच्या सिग्नल विभागात नोकरी केली आहे. ‘लोकल वाढवा’ हे म्हणणे योग्य आहे, पण लोकल कोठे अडते हे समजल्याशिवाय ते पूर्ण होत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

एका रुळावर एका तासात किती गाड्या जाऊ शकतात, हे प्रामुख्याने तीन गोष्टींवर ठरते. पहिली म्हणजे सिग्नलची व्यवस्था. आपल्याकडे दोन गाड्यांमध्ये सुमारे तीन मिनिटांचे अंतर ठेवावे लागते. ३३,६९० कोटी रुपयांच्या एमयूटीपी (मुंबई नागरी वाहतूक प्रकल्प) ३ अ मध्ये, ज्याला २०१९ मध्ये मंजुरी मिळाली, गाडी आणि नियंत्रण कक्ष यांच्यात सतत संदेशवहन ठेवणारी नवी सिग्नल यंत्रणा आहे. ती आली तर हे अंतर कमी होईल. दुसरी गोष्ट म्हणजे जंक्शन. वडाळ्याला गोरेगावची आणि पनवेलची हार्बर वाहतूक विभागते. एक गाडी दुसरीचा मार्ग ओलांडत असेल, तर सिग्नल कितीही आधुनिक असला तरी दुसरीला थांबावेच लागते. तिसरी गोष्ट शेवटच्या स्थानकावरील फलाट. गाडी आत येणे, प्रवासी उतरणे, मोटरमनने दुसऱ्या टोकाला जाणे आणि गाडी बाहेर पडणे याला ठरावीक वेळ लागतोच.

आता मध्य रेल्वेकडे पाहा. ठाणे ते दिवा पाचवी आणि सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली आणि कुर्ला ते कल्याण सहा मार्गिकांची साखळी पूर्ण झाली. त्यामुळे लांब पल्ल्याच्या गाड्या लोकलच्या जलद मार्गावरून बाजूला काढता येतात. पण कुर्ल्याच्या पुढे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे चारच मार्गिका आहेत आणि तेथे मेल-एक्स्प्रेस पुन्हा जलद लोकलच्या मध्ये शिरतात. हार्बरची स्थिती आणखी बिकट आहे. तेथे दोनच मार्गिका असल्याने जलद लोकल हा प्रकारच नाही. सीएसएमटीहून पनवेलला जाणारी प्रत्येक गाडी प्रत्येक स्थानकावर थांबते आणि या ४९ किलोमीटरना सुमारे एक तास वीस मिनिटे लागतात. विमान पकडायला निघालेल्या माणसाला हे सांगून पाहा.

म्हणून माझे मत दोन्ही बाजूंपेक्षा थोडे वेगळे आहे. नव्या विमानतळाच्या जोडणीचा खरा प्रश्न उलव्यात नसून कुर्ला, वडाळा आणि ठाणे येथे आहे.

उलवेकर

निवृत्त_सिग्नल साहेब, एक प्रश्न. ठाणे-नेरूळ गाड्यांपैकी काही थेट उरणकडे नेल्या तर? ठाण्याहून तरघरला एकाच गाडीने जाता येईल.

निवृत्त_सिग्नल

विचार चांगला आहे. त्यातील अडचण अशी की, गाडी पुढे नेली की तिचा फेरा लांबतो. पूर्वी जितक्या मिनिटांत ती ठाण्याला परत येत असे, तितक्यात येत नाही, म्हणून ठाणे-नेरूळची सध्याची वारंवारता टिकवायची असेल तर जास्त रेक, म्हणजे डब्यांचे पूर्ण संच, लागतात. रेक आले की त्यांना रात्री उभे करायला आणि दुरुस्तीला कारशेडमध्ये जागा लागते. नव्या मार्गाच्या बातमीत रूळ आणि स्थानके दिसतात, रेक आणि कारशेड दिसत नाहीत, पण वेळापत्रक याच दोन गोष्टी ठरवतात. गर्दीच्या वेळा सोडून काही गाड्या अशा नेण्यास मात्र सुरुवात करता यावी, असे मला वाटते.

चौकफाटा

कर्जत भागातील वाचक म्हणून एक मुद्दा जोडतो. डिसेंबर २०१६ मध्ये १०,९४७ कोटी रुपयांच्या एमयूटीपी ३ ला मंजुरी मिळाली. त्यात पनवेल-कर्जत दुपदरी उपनगरी मार्ग, विरार-डहाणू चौपदरीकरण आणि ऐरोली-कळवा जोडमार्ग हे तीन मोठे भाग आहेत. पनवेल-कर्जत मार्ग सुमारे ३० किलोमीटरचा असून त्यावर तीन बोगदे आहेत आणि वावर्ले येथील बोगदा अडीच किलोमीटरहून लांब आहे.

आज कर्जतहून लोकलने पनवेलला जायचे तर आधी कल्याणमार्गे ठाणे गाठायचे आणि तेथून ट्रान्स-हार्बरने, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणाऱ्या लोकलने, खाली उतरायचे. दोन्ही गावे एकाच जिल्ह्यात असून हा वळसा आहे! थेट एकेरी रूळ आहे, पण तो मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्यांचा. नव्या मार्गावर लोकल धावू लागल्या की कर्जत, नेरळ, चौक या पट्ट्यातील मुलांना पनवेल आणि विमानतळ परिसरातील नोकऱ्या आवाक्यात येतील. खाडीपल्याड यांच्या मताला माझा पाठिंबा आहे, कारण ३५ किलोमीटरच्या खास मेट्रोपेक्षा हा ३० किलोमीटरचा साधा मार्ग जास्त लोकांचे आयुष्य बदलणार आहे.

कामणरोड

चौकफाटा यांनी दक्षिणेचे टोक सांगितले, मी उत्तरेचे सांगतो. वसई रोड ते दिवा आणि पुढे पनवेल हा मार्ग आजही अस्तित्वात आहे. कामण, खारबाव, भिवंडी, कोपर, दिवा, निळजे, तळोजा, कळंबोली अशी त्यावरची ठिकाणे आहेत. वसई-विरारच्या माणसाला नव्या विमानतळाकडे जायला शहरात शिरायची गरजच नाही, मार्ग बाहेरून गेलेलाच आहे. पण त्यावर दिवसाला मोजक्याच मेमू गाड्या धावतात, कारण मालवाहतूक मोठी आहे. भिवंडीसारख्या गोदामांच्या आणि यंत्रमागांच्या शहराला आज लोकल नाही, ही गोष्ट बाहेरच्या माणसाला सांगितली तर त्याचा विश्वास बसत नाही. हा मार्ग उपनगरी दर्जाचा करण्याची मागणी आमच्याकडे जुनी आहे. विमानतळामुळे तिला नवे कारण मिळाले आहे, एवढेच.

पार्लेपूर्व

चौकफाटा आणि कामणरोड, आपण दोघांनी सांगितलेले मार्ग व्हायलाच हवेत, त्याला माझा विरोध नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की, हे मार्ग झाले म्हणून स्वतंत्र जोडणीची गरज संपते का? आणि दुसरे असे की, पैशांची थैली एकच आहे हे गृहीत धरण्याचे कारण नाही. विमान प्रवासी जास्त भाडे देईल आणि त्यातून तो मार्ग स्वतःचा काही खर्च भरून काढेल.

करोलबागेतून

नोकरीमुळे दिल्लीत राहतो, मूळ गिरगावचा. पार्लेपूर्व यांच्या भाड्याच्या मुद्द्यावर दिल्लीचा दाखला देतो.

दिल्लीची विमानतळ एक्स्प्रेस मेट्रो फेब्रुवारी २०११ मध्ये सुरू झाली. सुमारे २३ किलोमीटर, मोजकी स्थानके, नवी दिल्ली स्थानकावर सामान देण्याची सोय, म्हणजे आपण वर्णन केले तसेच सगळे. ती खासगी भागीदारीत होती आणि भाडे जास्त होते. जुलै २०१२ मध्ये तांत्रिक दोषांमुळे ती बंद ठेवावी लागली, जानेवारी २०१३ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि त्याच वर्षी खासगी चालक बाहेर पडल्यावर दिल्ली मेट्रोने ती आपल्याकडे घेतली. त्यानंतर भाडे कमी करण्यात आले आणि प्रवासी वाढले. आज त्या गाडीत बॅगवाले असतात तसेच एरोसिटीत आणि द्वारकेत नोकरी करणारेही मोठ्या संख्येने असतात. म्हणजे ‘फक्त विमान प्रवाशांची गाडी’ म्हणून ती उभी राहिली आणि सर्वांची गाडी झाल्यावर ती भरली.

उलट बाजूचा दाखलाही देतो. कोलकात्यात २००६ मध्ये विमानतळापर्यंत उपनगरी रेल्वेची फांदी नेली होती. गाड्या तुरळक, शहराच्या मध्याशी सोयीची जोडणी नाही, त्यामुळे प्रवासी मिळाले नाहीत आणि अखेर ती बंद झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये तेथे मेट्रो पोहोचली. बंगळूरुलाही विमानतळाजवळ २०२१ पासून रेल्वेचा थांबा आहे, पण तो शहराच्या विमान प्रवासाची सवय बदलू शकला नाही, कारण तेथेही गाड्या मोजक्याच. म्हणून ‘लोकल विमानतळापर्यंत नेली’ एवढ्यानेही काम होत नाही. तासाला एक गाडी असेल तर ती लोकल असो की खास, माणूस टॅक्सीच करतो.

चेन्नईत मात्र तिरुसुलम हे साधे उपनगरी स्थानक विमानतळासमोर रस्त्याच्या पलीकडे आहे आणि मेट्रो येण्याच्या कितीतरी आधीपासून लोक ते वापरत आले आहेत. वारंवारता होती, म्हणून.

दिवा_फास्ट

मी या चर्चेत थोडा कठोर सूर लावतो, त्याबद्दल कोणी वाईट वाटून घेऊ नये. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ धावत्या लोकलमधून माणसे खाली पडली आणि काहींचा जीव गेला. ती कामावर निघालेली माणसे होती. दाराला लटकणे ही त्यांची हौस नव्हती, आत जागाच नव्हती. अपघातानंतर साध्या लोकललाही आपोआप बंद होणारी दारे बसवण्याची घोषणा झाली. पण दार बंद होणार आणि आत तेवढीच माणसे असणार, तर श्वास कसा घ्यायचा? त्यासाठी डब्याची रचना, हवा खेळती ठेवण्याची व्यवस्था आणि जास्त गाड्या लागतात.

मेट्रो ८ व्हावी की न व्हावी, यावर माझे मत नाही. पण दिव्याहून सुटलेली गाडी ठाण्यापर्यंत जिवंत माणसे पोहोचवू शकेल, हे आधी पाहिले पाहिजे. ऐरोली-कळवा जोडमार्ग झाला तर कल्याण बाजूहून नवी मुंबईला जाणाऱ्यांना ठाणे स्थानकात उतरून गाडी बदलावी लागणार नाही आणि ठाण्याची गर्दी हटेल. त्यातील दिघा गाव स्थानक जानेवारी २०२४ मध्ये सुरूही झाले, पण उन्नत मार्गाचे काम झोपड्यांच्या पुनर्वसनावर अडले. त्या कुटुंबांना योग्य घरे द्यावीत आणि मार्ग पूर्ण करावा. विमानतळाला जाणारा सर्वांत महत्त्वाचा रूळ हाच आहे, असे माझे म्हणणे आहे.

खाडीपल्याड

दिवा_फास्ट, आपण कठोर लिहिले नाही, आवश्यक तेच लिहिले. मी कळव्यालाच राहतो आणि त्या जोडमार्गाची वाट पाहणाऱ्यांपैकी एक आहे.

गव्हाणकर

विमानतळाच्या पट्ट्यातील भूमिपुत्र म्हणून लिहितो. या विमानतळासाठी दहा गावांना उठावे लागले, टेकडी सपाट झाली, उलवे नदीचे पात्र वळवले गेले. त्याआधी नवी मुंबई शहरासाठी आणि बंदरासाठी आमच्या मागच्या पिढीच्या जमिनी गेल्या होत्या. १९८४ मध्ये जासई-नवघरच्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले आणि घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व त्या लढ्यातून आले. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील, म्हणून विमानतळाला त्यांचे नाव मिळावे यासाठी येथील माणसे रस्त्यावर उतरली होती.

रेल्वेचा इतिहासही असाच आहे. उरण मार्गाचा पहिला टप्पा खारकोपरपर्यंत नोव्हेंबर २०१८ मध्ये आला आणि उरणला लोकल पोहोचायला १२ जानेवारी २०२४ उजाडला. त्याच दिवशी अटल सेतूचेही उद्घाटन झाले. जवळपास २२ किलोमीटरच्या त्या सागरी पुलावर मोटारी धावतात, पण रूळ नाही. शिवडीहून समुद्र ओलांडून थेट आमच्या दारात आलेल्या पुलावर रेल्वेची जागा ठेवली असती, तर आज या धाग्याची गरजच पडली नसती. येथील कोळी आणि आगरी घरांतील मुले आता विमानतळावर काम मागत आहेत. त्यांना गावातून टर्मिनलपर्यंत पहाटे चारला पोहोचता येईल अशी गाडी हवी. पहाटपाळी ताईंनी सहारबद्दल जे लिहिले, ते आमच्याकडेही घडू नये.

वाशीचा_पूल

पैशांच्या प्रश्नावर एक जुने उदाहरण सर्वांनी आठवावे. मानखुर्द-वाशी रेल्वे मे १९९२ मध्ये सुरू झाली, ती रेल्वे आणि नवी मुंबई वसवणारी सरकारी संस्था सिडको यांच्या भागीदारीतून. सुमारे दोन तृतीयांश खर्च सिडकोने उचलला आणि उरलेला रेल्वेने. वाशी, बेलापूर यांसारखी स्थानके व्यापारी संकुलांसह बांधली गेली. शहर वसवणाऱ्या संस्थेला जमिनीच्या वाढलेल्या किमतीतून मिळालेला पैसा रेल्वेत गेला. ती गाडी फक्त वाशीत घर घेणाऱ्यांसाठी नव्हती, पहिल्या दिवसापासून सर्वांसाठी होती आणि भाडे लोकलचेच होते.

आज विमानतळाभोवती उलवे, पुष्पकनगर, पनवेल परिसरात जमिनीच्या किमती वाढत आहेत. तो लाभ ज्यांना मिळतो, त्यांच्याकडून रेल्वेसाठी वाटा घेण्याचा मार्ग आपल्याच महानगरात यशस्वी झालेला आहे. जास्त भाडे आकारून खर्च भरून काढण्यापेक्षा हा मार्ग मला अधिक न्याय्य वाटतो. पार्लेपूर्व यांचे यावर काय मत आहे?

पार्लेपूर्व

वाशीचा_पूल, आपला मुद्दा पटण्यासारखा आहे आणि मी त्याला विरोध करणार नाही. करोलबागेतून यांनी दिल्लीविषयी लिहिले तेही विचार करायला लावणारे आहे. मी माझी मागणी अशी मांडतो: दोन विमानतळांना जोडणारा मार्ग हवाच, पण तो मधल्या वस्त्यांना टाळून जाऊ नये. मानखुर्द, वाशी, नेरूळसारख्या ठिकाणी त्याला लोकलशी छताखालून जाणारी जोडणी असावी, भाडे सर्वांना परवडणारे असावे आणि डब्यात सामानासाठी रॅक असावेत. एवढे केले तर स्वतंत्र की सर्वांसाठी हा भेद बराचसा कमी होतो. लोकलमध्ये मोठ्या बॅगा वाढवू नयेत, या मतावर मात्र मी ठाम आहे.

एकतिकीट

भाड्याचा विषय निघाला आहे म्हणून लिहितो. ऑक्टोबर २०२५ मध्येच ‘मुंबई वन’ हे ॲप आले. त्यात उपनगरी रेल्वे, मेट्रो, मोनोरेल आणि बेस्टसह महापालिकांच्या बससेवा अशा अकरा सेवांची तिकिटे एका ठिकाणी काढता येतात. ही चांगली सुरुवात आहे. परंतु एका ॲपमध्ये तीन तिकिटे काढणे म्हणजे एक भाडे नव्हे. प्रत्येक सेवेचे किमान भाडे वेगळे लागतेच. पहाटपाळी यांच्यासारख्या मासिक पासधारकाला लोकल, मेट्रो आणि बस मिळून एकच पास मिळाला, तर विमानतळाच्या मेट्रोचे दुपारचे रिकामे डबे उद्याच भरतील, आणि त्यासाठी एक मीटरही नवा रूळ टाकावा लागणार नाही.

गोग्रासवाडी

एकतिकीट यांना अनुमोदन. यासोबत घाटकोपर आणि अंधेरीच्या पुलांचा विचार व्हावा. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांनी प्राण गमावले. पूल अरुंद असेल तर जोडणी वाढवणे म्हणजे त्याच पुलावर आणखी माणसे आणून उभी करणे होय. मेट्रो ७ अ चे गुंदवली ते टर्मिनल २ हे काम सुरू आहे. ते झाल्यावर दहिसर-बोरिवलीकडून येणारे प्रवासी अंधेरीत उतरणार नाहीत आणि तेथील भार थोडा हलका होईल. मध्य रेल्वेच्या प्रवाशांसाठी अशी पर्यायी वाट कोणती, हे मात्र मला कोठे दिसत नाही.

निवृत्त_सिग्नल

मेट्रो ४ वडाळ्याहून घाटकोपर, मुलुंडमार्गे कासारवडवलीकडे जाते. ती पूर्ण झाल्यावर ठाणे-मुलुंडच्या प्रवाशांना काही प्रमाणात पर्याय मिळेल. डोंबिवली-कल्याणच्या प्रवाशांना मात्र लोकललाच पर्याय नाही, म्हणून कुर्ल्यापुढील पाचव्या-सहाव्या मार्गिकेचे महत्त्व मी पुन्हा अधोरेखित करतो.

खाडीपल्याड

सर्वांचे आभार. मूळ प्रश्नाकडे परत येताना असे दिसते की, आपल्यातील मतभेद सुरुवातीला वाटले तेवढे मोठे नाहीत. पार्लेपूर्व यांना सामान आणि खात्री हवी आहे, इतरांना वारंवारता, परवडणारे भाडे आणि रखडलेले दुवे हवे आहेत. माझे मत कायम आहे की क्रम महत्त्वाचा आहे आणि त्या क्रमात ऐरोली-कळवा, पनवेल-कर्जत आणि कुर्ल्यापुढील मार्गिका आधी येतात.

रेल्वेच्या विभागीय वापरकर्ता सल्लागार समितीकडे प्रवासी संघटनांमार्फत निवेदन देता येते. नवा रूळ न टाकता ज्या गोष्टी करता येतील, त्यांवरच निवेदन असावे असे सुचवतो. उरण मार्गावरील गाड्यांमधील अंतर कमी करावे, गर्दीच्या वेळा सोडून ठाण्याहून काही थेट गाड्या द्याव्यात, आणि तरघर स्थानकाबाहेर प्रत्येक गाडीला जोडून टर्मिनलची बस उभी असावी. कोणाला काही भर घालायची आहे का?

पहाटपाळी

भर घालते. उरण मार्गाची पहिली गाडी आणि तरघरची पहिली बस, दोन्ही पहाटेच्या पाळीच्या वेळेआधी पोहोचतील अशा असाव्यात, आणि शेवटची बस रात्रीची पाळी सुटल्यानंतरची असावी. स्थानक ते बसथांबा या वाटेवर दिवे आणि महिला सुरक्षा कर्मचारी असावेत, हेही लिहावे. पाळ्यांच्या वेळा मी माझ्या सहकाऱ्यांना विचारून येथे देते.

गव्हाणकर

ताई, नव्या विमानतळावर लागलेल्या आमच्या गावातील मुलांच्या पाळ्यांच्या वेळा मी गोळा करतो. उरण, जासई आणि उलवे येथील प्रवाशांच्या सह्याही रविवारपर्यंत मिळवून देतो.